संकल्पातले गाव

आजऱ्याच्या आमच्या घरी श्रावणात सत्यनारायणाची पूजा होई, तेव्हा नैवेद्यासाठी शिजत असलेल्या घनसाळ भाताचा सुगंध माजघर ओलांडून देवघरापर्यंत आलेला असे, आणि वडील उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेऊन भटजींच्या मागोमाग संकल्प उच्चारीत. जंबुद्वीप, भरतवर्ष, भरतखंड, मग दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर, शालिवाहन शक, संवत्सर, मास, तिथी आणि सरतेशेवटी आपले गोत्र व नाव असा क्रम पुरा झाल्यावरच ते पाणी ताम्हणात सुटे.

प्रांताभिमान राष्ट्रभक्तीच्या आड येतो काय, हा प्रश्न निघाला की मला ते पाणी आठवते. आपल्याकडील विचारी माणसेही बहुधा असे मानतात की, घर, गाव, प्रांत आणि राष्ट्र ही एक शिडी असून वरच्या पायरीवर पाय ठेवताना खालची सोडावी लागते. संकल्पाची रीत नेमकी उलट आहे. तो जंबुद्वीपापासून आरंभ करून भरतखंडावर येतो, पण तेथे थांबला तर कर्म कोणाच्या हातून आणि कोठे घडले याचा पत्ताच लागत नाही. आमच्या वारकरी संतांनी निर्गुणाचे मर्म जाणूनही विटेवरच्या मूर्तीचे चरण सोडले नाहीत, यामागेही मला हेच तत्त्व दिसते. राष्ट्र हे अशा अर्थाने निर्गुण आहे. त्याच्यावर प्रेम करायचे तर ते एखाद्या भाषेतून, एखाद्या नदीच्या काठावरूनच करावे लागते.

आणि हा काठ राज्यकर्त्यांच्या दप्तराहून टिकाऊ असतो. 1940 साली आजऱ्यात जन्मलेले मूल (‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत त्याच साली येथे जन्मले) कोल्हापूर संस्थानातल्या इचलकरंजीकर घोरपड्यांच्या जहागिरीचे रयत होते, 1949 साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, 1956 साली द्विभाषिक मुंबई राज्य आले, आणि 1 मे 1960 रोजी ते मूल महाराष्ट्राचे नागरिक झाले. वयाची विशी गाठेपर्यंत इतके हुकूम बदलले, तरी रामतीर्थावरची हिरण्यकेशी तीच होती.

आंबोलीत उगम पावून आजरा, गडहिंग्लज करीत ती संकेश्वरला पोहोचते, आणि तेथे सरहद्द लागते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्ह्याचा बहुतेक मुलूख म्हैसूर राज्यात घातला गेला. महाजन आयोग झाला, 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, पण सीमेवरच्या मराठी माणसाचे गाऱ्हाणे उरलेच. ते गाऱ्हाणे राष्ट्रद्रोहाचे आहे असे कोणी म्हणाले की मला मनापासून दुःख होते. मुंबईच्या प्रश्नावर 1956 साली केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या चिंतामणराव देशमुखांची देशनिष्ठा कोणत्या तराजूत उणी भरणार होती? आपली भाषा मागणारा माणूस देशापासून काही तोडून मागत नसतो. तो देशातला आपला पत्ता मागत असतो.

परंतु संकेश्वरातला कानडी यजमानही संकल्पात गोदावरीचाच दक्षिण तीर सांगतो आणि शालिवाहनाचाच शक मोजतो, ही गोष्ट मी जितकी आठवतो तितका माझा अभिमान सावध होतो. तेथील शंकराचार्यांचे पीठ आजही संकेश्वर आणि करवीर ही दोन्ही नावे एकत्र धारण करते. आणि गडहिंग्लज तालुक्यात, म्हणजे आमच्या बाजूला, घरात कानडी बोलणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. बेळगावच्या मराठी मुलासाठी जे मागायचे ते या कुटुंबांतल्या मुलांना आधी द्यायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे. एरवी आपल्या मागणीत न्याय उरत नाही, केवळ संख्या उरते.

गडहिंग्लजच्या बाजूच्या एका म्हातारीचा अर्ज मी एकदा कचेरीच्या पायरीवर बसून लिहून दिला. तिच्या मराठीला कानडी हेल होता, आणि मधूनच शब्द अडला की ती कानडीत बोलून मोकळी होई. पत्ता विचारला तेव्हा तिने आधी मयत नवऱ्याचे नाव सांगितले, मग घराशेजारच्या देवळाचे, मग गावाचे, आणि तेथेच ती थांबली. तालुका, जिल्हा आणि राज्य मी लिहिले. तिने अंगठा उठवला.