उतरण, पण चढण्यासाठी

॥ जय गुरुदेव ॥



गेल्या रविवारी सत्संगानंतर एक ताई मागे थांबल्या. म्हणाल्या, "दादा, अकरा वर्षांचा नेम होता. यजमानांचं दुकान बंद पडलं, तेव्हापासून माळ हातात घेतली नाही. आता परत बसायची लाज वाटते. केलेलं सगळं वाया गेलं ना?"

हा प्रश्न त्या एकट्या ताईंचा नाही. म्हणून आज उत्तर जरा लांबून आणू या. ज्यू धर्मातली एक गूढ साधनापरंपरा आहे, तिला कबाला म्हणतात. ज्यू माणसं आपल्याला तशी परकी नाहीत. कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनवार तेली', म्हणजे बेने इस्रायल, घरात मराठीच बोलत आले.

१४९२ साली स्पेनच्या राजाराणीने हुकूम काढला : ज्यूंनी धर्म बदलावा, नाहीतर देश सोडावा. पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सुटली. पुढे त्यांच्यातली काही कुटुंबं आजच्या उत्तर इस्रायलमधल्या त्सफात या डोंगरावरच्या गावी वसली. १५७० मध्ये तिथे इसहाक लुरिया आले. जेमतेम दोन वर्षं शिकवलं आणि १५७२ मध्ये अडतिसाव्या वर्षी साथीत गेले. त्यांची शिकवण हाईम विताल या शिष्याने लिहून ठेवली.

लुरिया सांगत : सृष्टीच्या आरंभी दिव्य प्रकाश पात्रांत उतरला. पात्रांना ते तेज सोसवेना, ती फुटली. तुकड्यांबरोबर प्रकाशाच्या ठिणग्याही खाली विखुरल्या. त्या शोधून वर उचलणं, हे माणसाचं काम. प्रार्थनेने, सत्कर्माने, खाण्यापिण्यातल्या आणि व्यवहारातल्या शुद्धतेने. याला ते 'तिक्कून' म्हणतात, म्हणजे दुरुस्ती.

नीट बघा हं! घरदार फुटलेल्या माणसांना त्यांनी काय सांगितलं? फुटणं हा कथेचा शेवट नाही. कामाला तिथूनच सुरुवात होते.

म्हणूनच पुढच्या हसिदी संतांकडे एक वचन कायम असतं, 'येरिदा लेत्सोरेख अलिया', चढण्यासाठी उतरणं. कळशी विहिरीत पडली तर काठावर बसून रडून ती वर येते का? गळ खालीच सोडावा लागतो.

युक्रेनमधले रब्बी नाखमान बघा. १८०६ मध्ये त्यांचा तान्हा मुलगा गेला. त्याच वर्षी त्यांनी गोष्टींमधून शिकवायला सुरुवात केली. त्या गोष्टी आजही वाचल्या जातात. १८१० मध्ये राहतं घर जळालं, क्षयाने शरीर पोखरलं होतं. ते उमान गावी गेले आणि त्याच वर्षी तिथे देह ठेवला. तेही अडतीस वर्षांचेच. शिकवण मात्र हीच, की निराश व्हायचं नाही. स्वतःत एक तरी चांगला ठिपका शोधायचा आणि तिथून उठायचं.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, 'पडलो तरी चढणारच' म्हणून मुद्दाम पडायचं नाही. आधी चूक करू, मग पश्चात्ताप करू, असं ठरवणाऱ्याला पश्चात्तापाची संधीच मिळत नाही, असं ज्यू शास्त्रकार बजावतात. दुसरी, हे ज्ञान स्वतःच्या दुःखाला लावायचं. दुसऱ्याच्या घरी दुःख असेल तर तिथे ज्ञान नको, डबा घेऊन जा.

ताईंना मी विचारलं, "माळ सुटली त्या दिवसांत करत काय होता?"

म्हणाल्या, "यजमानांना धीर देत होते. दागिने मोडून लोकांचे पैसे फेडले. कुणाचा रुपया बुडवला नाही."

म्हटलं, "अहो, मग ठिणगी तिथेच होती की! माळ सुटली, नेम कुठे सुटला? उद्या सगळी माळ ओढू नका. एकच मणी ओढा, पण बसा." ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

तालमूद या ग्रंथात परतून आलेल्याची जागा कधीच न चुकलेल्यापेक्षा वरची मानली आहे. ही जागा आपल्या सत्संगातही रिकामी ठेवू या.

या आठवड्याचा नेम : येणं बंद झालेल्या एकाला फोन करा. 'का येत नाही?' हे विचारू नका. फक्त म्हणा, "तुमची जागा ठेवली आहे."

॥ जय गुरुदेव ॥ 🙏