पाहणे आणि भेटणे

मुळशीचा जलाशय न्याहाळत, ताम्हिणी घाट उतरून आपण रेवदंड्यास पोहोचतो. चौलच्या या प्राचीन बंदरातील तटबंदी, सातखणी मनोरा, छप्पर हरवलेली ख्रिस्तमंदिरे पाहून हळहळतो. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी हे ठाणे मराठ्यांच्या स्वाधीन केले. खाडीपलीकडे कोर्लईतील ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीजमिश्रित बोली आजही बोलतात. तेथे मात्र आपण क्वचितच थांबतो. ज्या गावांसाठी १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, ती त्या जलाशयातच बुडाली. तेथे आपण केवळ छायाचित्रे काढली. पडक्या भिंतींसाठी गहिवरणे सोपे, कारण त्या काहीच मागत नाहीत. माणूस वेळ मागतो, कान मागतो. शेजारप्रीतीच्या आज्ञेला सहलीच्या दिवशी सुट्टी नसते.