सावलीच्या मध्यभागी



नाझरेथमधून काही चांगले निघेल, हे नथनेलला पटत नव्हते. योहानकृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात हा प्रसंग आहे. फिलिप वाद घालत बसला नाही. स्वतः येऊन पाहा, एवढेच त्याने सांगितले.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीत १८१८ साली असेच काहीसे घडले. प्रकाश लाटांसारखा पसरतो, असे मांडणारा निबंध फ्रेनेल नावाच्या तरुण रस्ते-इंजिनियरने स्पर्धेसाठी पाठवला. परीक्षकांत प्वासाँ हे मोठे गणिती होते. प्रकाश म्हणजे सूक्ष्म कण, असे त्यांचे मत. फ्रेनेलचे म्हणणे खरे धरले तर गोल चकतीच्या सावलीत अगदी मधोमध उजेडाचा ठिपका पडायला हवा, असे त्यांनी गणिताने दाखवले. सावलीच्या पोटात उजेड! निबंध तिथेच निकालात निघायचा. पण दुसरे परीक्षक अरागो यांनी दोन मिलिमीटरची धातूची चकती मेणाने काचेवर चिकटवली आणि पाहिले. ठिपका होता. चकतीच्या कडेला वळसा घालून येणाऱ्या लाटा मध्यापर्यंत सारखेच अंतर चालतात, म्हणून तिथे एका तालात पोहोचून एकमेकींना बळ देतात. (जेवणाच्या ताटाच्या सावलीत हे शोधू नये. त्याला वस्तू लहान, कड गुळगुळीत आणि उजेड बारीक छिद्रातून आलेला लागतो.) १८१९ मध्ये बक्षीस फ्रेनेललाच मिळाले.

प्वासाँचे गणित अचूक होते, बरे का! फक्त पाहायचे राहिले होते. येशूनेही नथनेलला रागावले नाही, उलट त्याच्या सरळपणाची वाखाणणी केली.

आता आपले. आपल्या धर्मग्रामाची घरे पिरंगुटपासून धरणाकडे विखुरलेली. त्यांतल्या एका घराबद्दल आपण सर्वांनी ठरवून टाकले होते: दारूचे घर, मिस्सेला कोणी येत नाही, तिथे प्रार्थना कसली? गेल्या पावसाळ्यात रस्त्यावर झाड पडले, म्हणून आपल्यातले दोघे नाइलाजाने तिथे थांबले. दिवेलागणीला आजी नातवंडांना घेऊन जपमाळेला बसल्या. रोज बसतात. गुडघ्यांमुळे त्यांना मिस्सेला चालत येता येत नाही, आणि आणायला आपण कधी गेलोच नाही. मुलगा अजून पितो. ती सावली आहेच.

पुढच्या रविवारी आजींना आणायला गाडी जाईल. त्याच वाटेवर आणखी तीन घरे आहेत, जिथे आपण कधी पाय ठेवलेला नाही. सोबत येणाऱ्यांनी आज मिस्सेनंतर फाटकापाशी थांबावे.