पावणेतीन मिलिमीटरचा सल

हिंगोलीच्या रेल्वे स्टेशनावरची पाटी ‘हिंगोली डेक्कन’ असं नाव सांगते. निजामाच्या राज्यात १९१२ साली पूर्णेहून मीटरगेजचा फाटा इथवर आला. लांबी ५० मैल, म्हणजे सुमारे ८० किलोमीटर. आता समजा, गावातल्या एखाद्या हौशी माणसानं हाच फाटा घरात १ : ८७ या प्रमाणात मांडायचं ठरवलं, तर जागा किती लागेल? हिशेब सोपा आहे : ९२० मीटर. पूर्णा माजघरात ठेवली, तर वसमत पुढच्या गल्लीत जाईल आणि हिंगोली गावकुसाबाहेर.

मग तडजोड सुरू होते. मधली स्टेशनं गाळायची, सरळ रूळ वाकवायचे, प्लायवूडच्या फळीवर लंबगोल आखायचा. भारतीय रेल्वे ब्रॉडगेजवर १७५ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देत नाही. प्रमाणात तेच वळण दोन मीटर त्रिज्येचं होतं, म्हणजे अर्धवर्तुळालाच चार मीटर रुंदीची खोली हवी. म्हणून हौशी माणूस ३६ ते ४५ सेंटिमीटरच्या त्रिज्येवर समाधान मानतो. लांब डबे त्या वळणावर असे बाहेर झुकतात की खरी गाडी असती तर प्रवाशांनी साखळीच ओढली असती.

मॉडेल रेल्वे हा मनाला विसावा देणारा छंद, असं बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं. छंदात पडलेल्यांचं आयुष्य बरंचसं चिडण्यात जातं, आणि ही चीड दोन जातींची असते.

पहिली वस्तूंवरची. नेहमीच्या मांडणीत बारा व्होल्टपर्यंतचा प्रवाह रुळातून चाकात आणि चाकातून मोटरीत जातो. रुळावर धूळ, तेल किंवा ऑक्साइडचा पातळ थर बसला की इंजिन अडखळतं, बोटानं ढकललं की चार वीत चालतं, पुन्हा थांबतं. मराठवाड्यातल्या उन्हाळ्याच्या धुळीत हे रोजचंच. पावसाळ्यात फळी ओल धरते, रुळाचा जोड केसभर वर येतो आणि डबा घसरतो. घसरतो तो नेमका हात न पोचणाऱ्या बोगद्यात. चिमट्यातून उडालेली स्प्रिंग तर जमिनीवर पडलेली कुणी पाहिलेलीच नसते. शिवाय एक पेच असा, की गाडी गोल वळून आपल्याच वाटेला परत मिळवली तर डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट सर्किट होतं. मागे फिरून स्वतःला भेटायचं असेल तर वेगळी जोडणी करावी लागते.

दुसरी चीड जास्त खोल आहे, कारण ती रूळ पुसून जात नाही. तिचं कारण साम्य. भारतीय ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. ८७ नं भागलं की १९.२६. बाजारात या प्रमाणाचे तयार रूळ मिळतात ते १६.५ मिलिमीटरचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून काढलेले आहेत. म्हणजे भारतीय इंजिनाचं कितीही देखणं मॉडेल केलं, अगदी पाटीवरची अक्षरंही बरोबर उतरवली, तरी ते पावणेतीन मिलिमीटरनं आखडलेल्या रुळांवर उभं राहतं. पाहुण्याला ते दिसत नाही. करणाऱ्याला त्याखेरीज काही दिसत नाही.

हे दुखणं एकट्या भारताचं नाही. ब्रिटनमध्ये १ : ७६ प्रमाणाच्या गाड्या त्याच १६.५ मिलिमीटर रुळांवर धावत आल्या, म्हणजे अंग मोठं आणि पाय जवळ. काही जणांना ते इतकं खुपलं की त्यांनी १८.८३ मिलिमीटरचे रूळ हातानं घडवायचा वेगळा पंथच काढला. आणि १ : ८७ या प्रमाणाचं रूढ नाव ‘एचओ’ मुळात ‘अर्धं शून्य’ या अर्थाचं आहे; शून्य क्रमांकाच्या गेजचा अर्धा भाग. शून्याचं अर्धं करून त्यात अख्खं जग बसवायला निघालेल्या माणसानं निराश व्हावं, यात नवल ते काय?

इथं प्रश्न छंदापुरता राहत नाही. मूळ वस्तू कधीच होऊ शकणार नाही, हे पक्कं ठाऊक असताना माणूस तिची प्रतिमा का घडवतो? आणि ती अपुरी ठरली की फसवल्यासारखा का चिडतो? हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यात विचारायला एक कारण आहे. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून परंपरा मानते ते नर्सी याच जिल्ह्यात, आणि त्यांना गुरू भेटले असं मानतात ते औंढा नागनाथही इथंच.

नामदेवांच्या बालपणीची कथा घराघरांत ठाऊक आहे. नैवेद्याचं ताट घेऊन पोर देवळात गेलं आणि विठ्ठल जेवेना म्हणून हटून बसलं. देव जेवला नाही तर पायरीवर डोकं आपटून घेईन म्हणालं. मोठी माणसं मूर्तीपुढे ताट ठेवतात आणि उचलून आणतात. ती जेवणार नाही हे त्यांनी गृहीत धरलेलं असतं. या मुलानं ते गृहीत धरलं नाही. प्रतिमेनं मुळासारखं वागावं, हा त्याचा हट्ट. बंद पडलेल्या इंजिनाकडे रात्री दोन वाजता डोळे वटारून बघणारा माणूस त्याच हट्टाचा दूरचा वारस आहे.

कथा पुढे सरकते. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाका थापटणं घेऊन प्रत्येकाचं डोकं तपासतात आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरतं. नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे जातात, तर विसोबा शिवलिंगावर पाय टाकून झोपलेले. पाय बाजूला घ्या म्हटल्यावर ते म्हणतात, जिथं देव नाही तिथं उचलून ठेव. नामदेव पाय जिथं नेतात तिथं लिंग उभं राहतं. ही कथा मूर्तीच्या विरुद्ध आहे असं वाचायची सवय झाली आहे. पण पुढचं चरित्र तसं सांगत नाही. निर्गुणाचा उपदेश मिळाल्यावर नामदेवांनी विठ्ठल सोडला नाही. त्यांची समाधी, १३५० सालची, पंढरपूरच्या देवळाच्या पायरीशीच मानली जाते. विसोबांनी मूर्ती काढून घेतली नाही. ‘देव इथंच आहे, दुसरीकडे नाही’ हा हट्ट तेवढा काढून घेतला.

मॉडेल रेल्वेला हे जसंच्या तसं लावायला मात्र एक अडचण आहे, आणि ती टाळणं प्रामाणिकपणाचं नाही. देवाच्या प्रतिमेला प्रमाण नसतं. औंढ्याच्या गाभाऱ्यात अरुंद पायऱ्या उतरून वाकून जावं लागतं. तिथलं लिंग कशाच्या कितव्या हिश्श्याचं आहे, असं कुणी विचारत नाही. पोळ्याला ज्याच्या गोठ्यात बैल नाही तो मातीची जोडी पुजतो, आणि एक शिंग आखूड झालं म्हणून पुरणपोळी अडत नाही. भक्त साम्याचा दावाच करत नाही, म्हणून त्याला साम्यभंगाचं दुःख होत नाही. रेल्वेवाल्यानं मात्र दावा केलेला असतो : ८७ पट लहान, बाकी सगळं तेच. त्याचं वैफल्य त्यानंच पट्टी लावून ओढवून घेतलेलं असतं.

पण पट्टीमुळे त्याला असं काही मिळतं जे भक्ताला लागत नाही. भारतीय गाड्यांची तयार मॉडेलं परदेशी गाड्यांच्या मानानं फार थोडी. त्यामुळे पुष्कळदा डबा स्वतः कापावा लागतो. कापायचा तर मोजावा लागतो. खिडक्या किती, त्यांचे गज आडवे की उभे, दाराची कडी कोणत्या बाजूला, पाण्याची टाकी छतात की खाली. तीस वर्षं त्या डब्यातून प्रवास केलेल्या माणसाला हे सांगता येत नाही. प्रतिमा चुकते तिथं करणाऱ्याला मुळाकडे परत जावंच लागतं. जे हुबेहूब जमलं त्याकडे तो पुन्हा बघतही नाही.

पहिल्या चिडीला, म्हणजे धूळ आणि घसरणीला, परंपरेत सरळ उत्तर आहे : नित्यपूजा. मूर्तीला कालच स्नान घातलं होतं, आज पुन्हा का, असं पुजारी कुरकुरत नाही. स्नान घालणं हेच काम. मोठ्या मॉडेल रेल्वेंचंही तसंच असतं. बी. एस. जोशी यांनी उभारलेलं पुण्याच्या कोथरूडमधलं लघुरेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुलं झालं. हँबुर्गचं ‘मिनिआटूर वुंडरलँड’ २००१ पासून चालू आहे, आणि तिथला दिवस-रात्रीचा फेरा पंधरा मिनिटांत पुरा होतो. अशा ठिकाणी गाड्या दिवसभर धावतात, म्हणून रूळ पुसणं, चाकं घासणं, घसरलेला डबा उचलणं कधी संपत नाही. तिथं ही कामं बिघाड म्हणून नव्हे, दिनक्रम म्हणून होतात. घरातला हौशी माणूस चिडतो, कारण ‘एकदा पुरं झालं की’ असा एक दिवस त्यानं मनात धरलेला असतो.

तो दिवस येत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी जॉन ॲलन यांनी घराच्या तळघरात वर्षानुवर्षं एक रेल्वे उभारली. डोंगर जमिनीपासून छतापर्यंत, आणि यार्डात डबे ओढायला इंजिनाऐवजी एक स्टेगोसॉरस. रेल्वेच्या नावाचा इंग्रजी उच्चार केला की ‘रक्तबंबाळ आणि पराभूत’ असा अर्थ निघायचा. छंदाच्या वैफल्यावर इतकी उघड कोटी दुसऱ्या कुणी केली नसेल. ६ जानेवारी १९७३ रोजी ॲलन वारले. त्यानंतर दहाएक दिवसांत घराला आग लागली आणि रेल्वे जवळजवळ सगळी जळाली.

हिंगोलीच्या वाचकाला या गोष्टीत जळण्यापेक्षा न ठरवता जळणं चटका लावेल. कारण ठरवून जाळण्याची या गावाला सवय आहे. इथला सार्वजनिक दसरा दीडशे वर्षांहून जुना. रामलीला मैदानावर कारागीर रावण उभा करतात तो पेटवण्यासाठीच. गणपती बुडवण्यासाठी आणतात. पार्थिव पूजेचं मातीचं लिंग ज्या दिवशी केलं त्याच दिवशी विसर्जित होतं. या सगळ्या प्रतिमांचा शेवट त्या घडवतानाच ठरलेला असतो, म्हणून त्यांचे कारागीर अपुरेपणानं फारसे छळले जात नाहीत. रेल्वेवाला विसर्जनाची तिथी ठरवत नाही. उपरण्याएवढ्या फळीवर तो कायमचं जग बांधायला बसतो, आणि त्याच्या पश्चात घरची माणसं ती फळी माळ्यावर टाकतात.

औंढ्याच्या देवळाची एक शेवटची कथा राहिली. पुजाऱ्यांनी नामदेवांना समोर कीर्तन करू दिलं नाही, म्हणून ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले. तेव्हा देऊळच फिरून त्यांच्यासमोर आलं, असं सांगतात. आज दिसणाऱ्या त्या देवळाचा खालचा भाग काळ्या दगडाचा, यादवकालीन कोरीवकामाचा, आणि वरचा नंतर बांधलेला, वेगळ्या घडणीचा. जोड लांबूनही दिसतो. ज्यांनी वरचा भाग बांधला त्यांनी खालच्याची नक्कल केली नाही, आणि दर्शनाला येणाऱ्यांचं त्यावाचून काही अडलेलं नाही.

पूर्णा-अकोला मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला आणि हिंगोलीतून मीटरगेज गेली. त्या जुन्या फाट्याचं मूळ आता जागेवर नाही. जे काही उरलं आहे ते फोटोंत, आठवणींत आणि कुणी केलंच तर एखाद्या फळीवर. मात्र त्या फळीच्या बाबतीत हिशेब अनपेक्षित निघतो. मीटरगेजला ८७ नं भागलं की ११.५ मिलिमीटर येतात, आणि या प्रमाणातले मीटरगेजचे तयार रूळ मिळतात १२ मिलिमीटरचे. आज धावणाऱ्या गाडीच्या मॉडेलला पावणेतीन मिलिमीटर कमी पडतात. गेलेल्या गाडीच्या मॉडेलला अर्धा मिलिमीटर जास्त होतो.