घर गेल्यावर उरलेले देणे

घर कर्जापायी गेले की कित्येक जण पहिल्याने माळेला हात घालतात. "आता काय ठेवलंय इथं? पांडुरंगच आपला!" असे म्हणून बायकापोरांना मेव्हण्याच्या दारी सोडून निघालेला गृहस्थ दिंडीत भेटला तर त्याला हिणवू नये. परंतु हे वैराग्य म्हणावे काय, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. वैराग्य म्हणजे हातात असलेले सोडणे. जप्तीवाल्याने नेले, ते आपण सोडले असे कसे म्हणावे?

अशा वेळी हटकून तुकोबारायांचा दाखला देण्यात येतो. महाराजांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, मग आपणच कागदांचे काय घेऊन बसायचे! दाखला खरा, पण अर्धा. त्या खतांवर महाराजांचे येणे होते, देणे नव्हे. घराण्यात सावकारी होती. शिवाय धाकटे बंधू कान्होबा यांचा निम्मा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला आणि आपल्याच वाट्याचे कागद डोहात टाकले, असे परंपरा सांगते. भावाचे येणे बुडविण्याचा अधिकारही त्यांनी घेतला नाही. ही बारीक गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो आणि मंडपाबाहेर येता येता विसरतो.

मग ऋणको बापुडा हातपाय बांधून बसणार काय? तसेही नाही. आपल्या मुलखाचाच इतिहास पाहा. श्रीगोंदे-पारनेरच्या शेजारी शिरूर तालुक्यात कर्डे म्हणून गाव आहे. तेथे डिसेंबर १८७४ मध्ये १५० रुपयांच्या कर्जापायी सावकाराने हुकूमनामा मिळवून बाबासाहेब देशमुखांचे घर पाडले. गाव खवळले, सावकारावर बहिष्कार पडला. पुढे १२ मे १८७५ रोजी सुप्याला दंगा उसळला आणि त्याचे लोण पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, नगर या तालुक्यांत आले. लोकांचा रोख माणसांच्या जिवापेक्षा कागदांवर होता. खते, रोखे मागून घ्यायचे आणि चव्हाट्यावर जाळायचे. दंग्याची भलामण कोणी करू नये. पण कागदावर चढविलेली रक्कम आणि पदरात पडलेली रक्कम यांत महदंतर होते, ही त्यांची तक्रार खोटी नव्हती. म्हणून तर १८७९ च्या कायद्याने न्यायाधीशास खताच्या आड जाऊन मुळापासून हिशेब तपासण्यास सांगितले. व्याज मुद्दलापेक्षा अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम तर आपल्या धर्मशास्त्रात पूर्वीपासूनच आहे.

पळणे आणि जाळणे यांच्यामध्ये हिशेब मागणे ही वाट आहे. ती अधर्माची नव्हे. सन २००२ च्या कायद्याप्रमाणे बँकेने प्रथम ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. ताबा घेतल्यावर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. लिलावाची जाहिरात निघण्यापूर्वी सर्व देणे खर्चासह भरले तर घर परत मिळते. घर विकून देणे फिटून काही उरले, तर ते घरधन्याचे. मागून घ्यावे, लाजू नये. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. बेकायदा सावकारीत घर-जमीन लिहून गेली असेल आणि त्याला १५ वर्षे उलटली नसतील, तर २०१४ च्या सावकारी कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करावा. पुष्कळ जण नोटिसा न फोडता कोनाड्यात ठेवून देतात, तिथेच घात होतो.

लिलावानंतरही देणे उरले, तर? कायद्याने ते चालू राहतेच. धर्माने विचाराल तर, खरोखर घेतलेले मुद्दल मान खाली न घालता, जमेल तसे फेडावे. पण पोरांच्या ताटातला घास काढून नव्हे. वारी एखाद्या वर्षी चुकली तरी चालेल. मजुरी करीत नाम घेणाऱ्याला विठ्ठल टाकत नाही.

राहता राहिला शेजारी. लिलावात ते घर कोणी तरी घेणारच, आणि घेणारा काही पापी ठरत नाही. मात्र स्वस्तात मिळाले म्हणून त्याच आळीत पेढे वाटणाऱ्याच्या गळ्यातली माळ मला खटकते. घेणाऱ्याने निदान पोरांची परीक्षा होईपर्यंत एक खोली राहू द्यावी. देवघरातले देव आणि अंगणातली तुळस त्या बाईला तिच्या हाताने, तिच्या सवडीने नेऊ द्यावी.