दगड, वीट आणि ब्लाव्हिकेनचा बाजार

'दगडापेक्षा वीट मऊ' ही म्हण मराठीत इतकी रुळलेली आहे की तिच्यात एक नीतिशास्त्रीय सिद्धान्त दडलेला आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन वाईट गोष्टींपैकी एक पत्करणे अटळ असेल तर त्यांतली कमी वाईट पत्करावी, तसे करणाऱ्याला दोष लागत नाही, किंबहुना तेच व्यवहारी शहाणपण होय, असा तो सिद्धान्त आहे. म्हण दगडाच्या आणि विटेच्या कठीणपणाची तुलना करते. मात्र दोहोंपैकी एक कोणाच्या तरी डोक्यात घालायचीच आहे, हे ती गृहीत धरते आणि डोके कोणाचे, हे विचारण्याच्या भानगडीत ती पडत नाही. नेमक्या याच गृहीतकाला हात घालणाऱ्या एका अद्भुतकथेला १९९० या वर्षासाठी पोलंडमधील यानुश झायडेल पुरस्कार मिळाला. आंद्जेय सापकोव्स्की यांच्या या कथेचे नावच 'कमी वाईट' असे आहे.

या पुरस्काराची घडण थोडी वेगळी आहे. पोलंडमधील विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांचा हा सर्वांत मानाचा राष्ट्रीय पुरस्कार असला तरी तो कोणतीही अकादमी किंवा परीक्षकमंडळ देत नाही. 'पोलकॉन' नावाच्या वार्षिक संमेलनाला जमलेले वाचक मतदानाने तो ठरवतात, आणि कादंबरी व कथा असे त्याचे दोन विभाग आहेत. पहिला पुरस्कार ज्यांच्या 'पारादिझ्या' या कादंबरीला मिळाला ते झायडेल १९ जुलै १९८५ रोजी वयाच्या ४६व्या वर्षी निवर्तले आणि त्यानंतर पुरस्काराला त्यांचेच नाव देण्यात आले. झायडेल हे किरणोत्सर्गापासून संरक्षणाच्या शास्त्राचे जाणकार होते, पण त्यांच्या कादंबऱ्यांचा विषय मात्र सत्ता हा होता. 'पारादिझ्या'तील माणसे यंत्रांच्या सततच्या पाळतीखाली जगतात आणि यंत्राला उमगू नये म्हणून सूचक प्रतिमांच्या आडवळणी भाषेत एकमेकांशी बोलतात. सेन्सॉरच्या कचाट्यात वाचणाऱ्या पोलिश वाचकाला ही पाळत कोणत्या ग्रहावरची आहे, हे समजावून सांगावे लागत नव्हते.

त्याच वाचकाला 'कमी वाईट' हा शब्दप्रयोगही चांगलाच परिचयाचा होता. १३ डिसेंबर १९८१ रोजी देशाचे तत्कालीन कम्युनिस्ट सत्ताधीश जनरल यारुझेल्स्की यांनी देशात लष्करी कायदा पुकारला, 'सॉलिडॅरिटी' या स्वतंत्र कामगार संघटनेच्या हजारो कार्यकर्त्यांना स्थानबद्ध केले, आणि तीनच दिवसांनी वुयेक येथील कोळशाच्या खाणीत संप मोडून काढताना झालेल्या गोळीबारात ९ खाणकामगारांचा बळी गेला. सोव्हिएत सैन्य देशात घुसण्यापेक्षा आपलेच सैन्य रस्त्यावर उतरणे हे कमी वाईट होते, असे समर्थन यारुझेल्स्की पुढे आयुष्यभर करीत राहिले. सापकोव्स्कींची कथा हे त्या घटनेचे रूपक आहे असे म्हणण्याचे कारण नाही, आणि तसे वाचल्यास कथा उगाच खुजी होते. परंतु तिचे शीर्षक वाचताना त्या काळच्या पोलिश वाचकाच्या कानांत जनरलसाहेबांचा आवाज घुमला नसेल, असे मानणेही भाबडेपणाचे ठरेल.

कथेचा नायक गेराल्ट हा मोबदला घेऊन राक्षसी प्राणी मारणारा, औषधे आणि कठोर शिक्षण यांनी मानवी मर्यादेपलीकडे घडवलेला भाडोत्री शिकारी आहे. ब्लाव्हिकेन नावाच्या छोट्या गावात त्याला दोन माणसे भेटतात आणि दोघेही त्याच्याकडे 'कमी वाईट' या एकाच नावाने खून मागतात. मनोऱ्यात कोंडून घेऊन बसलेला मांत्रिक स्त्रेगोबोर त्याला सांगतो की, एका विशिष्ट ग्रहणाच्या काळात जन्मलेल्या मुली शापित असतात, त्यांच्या हातून पुढे भयंकर संहार होणार असतो, म्हणून अशा मुलींना मनोऱ्यांत डांबणे, प्रसंगी मारणे आणि त्यांची शवे चिरून पाहणे हे कमी वाईट होते. आता उरलेली रेनफ्री मांत्रिकाच्या जिवावर उठली आहे, तेव्हा तिला मारावे. रेनफ्री ही राजकन्या. सावत्र आईच्या आणि याच मांत्रिकाच्या संगनमताने ती जंगलात मारण्यासाठी पाठवली गेली, तिथे मारेकऱ्याने तिच्यावर अत्याचार केला, पुढे उपासमार, चोऱ्या आणि सात बुटक्यांची टोळी यांतून ती जगली. हिमगौरीची गोष्ट लहानपणी ऐकलेल्या वाचकाला आरसा, शिकारी आणि सात बुटके लगेच ओळखू येतात, आणि त्या गोष्टीत मुलीवर कोणते प्रसंग गुदरले असतील याचा आपण कधी विचारच केला नाही, हेही त्याला उमगते. रेनफ्रीचे म्हणणे असे की, मांत्रिकाला मारणे हेच कमी वाईट आहे. गेराल्ट दोघांनाही नकार देतो. वाईट ते वाईट. लहान, मोठे, मधले अशी त्याची प्रतवारी करता येत नाही आणि निवडायचीच वेळ आली तर आपण काहीच निवडणार नाही, अशी त्याची भूमिका आहे.

इथे अद्भुतकथेचे तत्त्वज्ञानाला असलेले मोल दिसते. शाप खरा आहे की नाही, हे कथा शेवटपर्यंत सांगत नाही. रेनफ्री क्रूर आहे यात शंका नाही, परंतु ती जन्मतःच तशी होती की तिला तसे मानून वागवल्यामुळे ती तशी झाली, हे ठरवण्याचा कोणताही मार्ग वाचकाजवळ नसतो. जो पुरावा आहे तो सगळा मांत्रिकाच्या तोंडचा आहे. कमी वाईटाचा प्रत्येक हिशेब 'असे केले नाही तर पुढे याहून वाईट घडेल' या वाक्यावर उभा असतो आणि ते पुढचे कधी घडतच नसल्यामुळे त्याची शहानिशा होऊ शकत नाही. वास्तव इतिहासात हा दुबळेपणा तपशिलांच्या गर्दीत झाकून जातो. जिथे शाप असूही शकतो अशा कल्पित जगात तो उघडा पडतो, कारण भविष्य सांगणारा तज्ज्ञ आणि त्या भविष्यात हितसंबंध असलेला माणूस एकच आहे, हे तिथे स्वच्छ दिसते.

गेराल्टची सुरुवातीची भूमिका कॅथलिक नीतिशास्त्राला जवळची आहे, आणि पोलंडसारख्या देशात हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. चांगले व्हावे म्हणून वाईट करू नये, ही संत पॉलपासून चालत आलेली शिकवण. पोलिश पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९३च्या आपल्या परिपत्रकात ती पुन्हा निक्षून मांडली. मोठे वाईट टाळण्यासाठी लहान वाईट सहन करण्यास ही परंपरा कधीकधी मुभा देते, पण ते स्वतःच्या हाताने करण्यास नाही. सहन करणे आणि करणे यांतला हा भेद कागदावर स्वच्छ वाटतो. मात्र सहन करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत जे घडते त्याचे काय, हा प्रश्न तो भेद सोडवत नाही. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. सत्य बोलण्याचे व्रत घेतलेल्या कौशिकाने, जिवाच्या भीतीने रानात लपलेली माणसे कुठे आहेत, हे पाठलागावर आलेल्या दरोडेखोरांना खरे सांगून टाकले; माणसे मारली गेली आणि व्रत अभंग ठेवणारा कौशिक नरकात गेला. हात स्वच्छ ठेवणे हेच ज्याचे ध्येय, त्याला भारतीय परंपरेने दिलेले हे उत्तर कठोर आहे आणि योग्यही.

सापकोव्स्की आपल्या नायकाला नेमके याच वळणावर आणतात. बाजाराच्या दिवशी सकाळी गेराल्टला उमगते की, रेनफ्री आणि तिची माणसे बाजारात जमलेल्या लोकांची कत्तल सुरू करणार आहेत, आणि मांत्रिक मनोऱ्यातून बाहेर येईपर्यंत ती थांबणार नाही. न निवडण्याची सोय आता संपलेली असते. तो बाजारात जातो आणि तिच्या सगळ्या माणसांना ठार करतो. त्यानंतर आलेली रेनफ्री सांगते की, मांत्रिकाने तिची धमकी हसण्यावारी नेली. सारे गाव कापून काढले तरी तो बाहेर पडणार नव्हता. म्हणजे तिचा हिशेब फसलेलाच होता, आणि जी कत्तल टाळण्यासाठी गेराल्टने तलवार उपसली ती झालीच असती का, हेही कायमचे अनिश्चित राहते. दोघे लढतात आणि ती मरते. (ही चकमक लेखकाने जरा जास्तच चवीने रंगवली आहे, आणि पुष्कळ वाचकांच्या लक्षात तेवढीच राहते, हे कथेचे दुर्दैव आहे; २०१९मध्ये आलेल्या नेटफ्लिक्सच्या मालिकेनेही पहिल्याच भागात तिच्यावर भर दिला.)

हाना आरेन्ट या जर्मनीत जन्मलेल्या ज्यू तत्त्वचिंतिकेने नाझी राजवटीत नोकऱ्या टिकवून राहिलेल्यांविषयी १९६४ साली जे मांडले, ते इथे उपयोगी पडते. कमी वाईट निवडणारे लोक आपण वाईटच निवडले होते, हे फार लवकर विसरतात, असे तिचे निरीक्षण होते. विटेची सवय झाली की ती मऊच वाटू लागते. सापकोव्स्कींची कथा आपल्या नायकाला विसरण्याची सवलत देत नाही. 'ब्लाव्हिकेनचा खाटीक' हे नाव पुढच्या कथांमध्ये त्याचा पिच्छा सोडत नाही. द्रोणवधासाठी अश्वत्थाम्याविषयी अर्धसत्य बोललेल्या युधिष्ठिराचा तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा रथ खाली टेकला, हे सांगताना महाभारतकारांनाही बहुधा हेच अभिप्रेत होते. बोलण्यावाचून गत्यंतर नव्हते हे मान्य, पण रथ टेकला तो टेकलाच. वाईट करणे कधी भाग पडू शकते, परंतु भाग पडल्यामुळे ते चांगले होत नाही, आणि 'कमी' हे विशेषण त्याला कोणतीही माफी मिळवून देत नाही, हाच या प्रश्नावरचा सर्वांत प्रामाणिक निर्वाळा होय.

योगायोग असा की, झायडेल पुरस्काराच्या मतपत्रिकेवर नामांकित साहित्यकृतींबरोबर 'पुरस्कार नको' असाही पर्याय असतो. पाच सुमार कथांतली त्यातल्या त्यात बरी निवडण्याची सक्ती वाचकावर नाही. अमेरिकेतून सुरू झालेल्या ह्यूगो पुरस्कारांत २०१५ साली लघुकथेसह पाच विभागांत मतदारांनी खरोखरच हा पर्याय निवडला, आणि भारतीय मतदाराला 'नोटा'चे बटण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालाने मिळाले. साहित्याच्या मतदानात असा नकार निर्धोक असतो, कारण पुरस्कार न दिल्याने कोणी मरत नाही. गेराल्टने आधी मागितली होती ती हीच मुभा होती, आणि बाजारात माणसे उभी असताना ती देणारी मतपत्रिका नसते.

कथेच्या अखेरीस मांत्रिक मनोऱ्यातून खाली उतरतो आणि आपला सिद्धान्त पडताळण्यासाठी रेनफ्रीचे शव चिरून पाहण्यास मागतो. तिच्या अंगाला हात लावायचा नाही, असे गेराल्ट त्याला बजावतो. त्या दिवसभरात त्याने स्वेच्छेने केलेली ती बहुधा एकमेव निवड आहे. ज्यांना वाचवण्यासाठी तो बाजारात उतरला होता ते गावकरी मग त्याच्यावर दगड फेकतात, आणि गावचा मुखिया, जो आदल्या दिवसापर्यंत त्याचा मित्र होता, त्याला गाव सोडून जाण्यास आणि पुन्हा कधीही न येण्यास सांगतो.