विजेरीचा झोत

नुसत्या बघण्याने कोणाचे काय जाते, असे आपण सहज म्हणतो. मीही म्हणत असे. गेल्या माघात चोडणला एक रात्र काढून आल्यापासून ते वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण बेट लागते. त्याच्या पश्चिम टोकाला कांदळवनात पक्ष्यांचे अभयारण्य आहे, अवघे पावणेदोन चौरस किलोमीटरचे. १९८८ साली ते राखीव झाले आणि आदल्याच वर्षी निवर्तलेल्या डॉ. सालिम अलींचे नाव त्याला मिळाले. आत रात्री राहायचे नाही. म्हणून वर्गातली नऊ मुले घेऊन मी बेटावरच्या एका स्नेह्यांच्या अंगणात दोन तंबू ठोकले.

संध्याकाळी ओहोटी होती. चिखलातून तिवराची श्वासमुळे पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी वर आली होती. निवट्या चिखलावरून उड्या मारीत होत्या. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि मोड फुटल्यावर भाल्यासारखे खाली सुटते, हे मी मुलांना सांगितले. दहावीच्या पुढे मी शिकलो नाही, तेव्हा शास्त्र सांगताना जरा चाचपडतोच. पण ते बी हातात घेतल्यावर माझ्या शब्दांची कोणाला गरज उरली नाही.

जेवणे झाल्यावर आम्ही यजमानांबरोबर पुन्हा पाण्याकाठी गेलो. ते कोणाशी तरी बोलत मागे राहिले होते. समोरच्या तिवरावर बगळे बसलेले होते, म्हणजे अंधारात पांढुरके डाग तेवढे दिसत होते. मुले कुजबुजू लागली. मी माझी विजेरी पुढच्या मुलाच्या हाती दिली आणि हळूच म्हटले, "लाव बघू जरा."

झोत पडला मात्र, सबंध झाड उठले. पंखांचा फडफडाट, घोगरे ओरडणे, काटक्या मोडल्याचा आवाज! थवा अंधारात कुठे गेला कळले नाही. एक पक्षी मात्र फांद्यांत अडकून बराच वेळ फडफडत राहिला. मग तो आवाजही थांबला. सुटला, की आणखी काही झाले?

यजमान धावत आले. "कोणी रे विजेरी मारली?"

मुलाने माझ्याकडे पाहिले. मी गप्प. "मी," तो म्हणाला.

"पोरांना काय कळते!" यजमान मला म्हणाले, आणि वाचकहो, मी मान डोलावली.

तो मुलगा तंबूत माझ्याशेजारीच झोपला होता. मला झोप नव्हती. सालिम अलींची गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली आहे. लहानपणी त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, म्हणून ती मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेऊन दाखवली. त्यांच्या पक्षी-अभ्यासाचा आरंभ तिथला. म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले ते त्या चिमणीच्या पडण्याचे. आजवर या गोष्टीतला जिज्ञासेचा भाग मी रंगवून सांगत आलो. मेलेली चिमणी हातात घेऊन 'ही मी मारली' म्हणत मोठ्या माणसांसमोर उभे राहणारे पोर मला त्या रात्री प्रथम दिसले.

पाहूच नये, असे मला म्हणवत नाही. ज्याने बगळा पाहिलाच नाही, तो उद्या तिवरावर कुर्‍हाड पडताना कशाला आड येईल? पण आम्ही काय पाहायला गेलो होतो? पहाटे तेच पक्षी आपण होऊन उडणार होते. तेवढा धीर मला नव्हता. ते झोपलेले असले तरी त्यांनी आमच्यासाठी त्या घटकेला दिसावे, असा माझा हट्ट होता. घरी आलेल्या पाहुण्याने मध्यरात्री यजमानांची मुले उठवून त्यांना कविता म्हणायला लावावी, त्यातलाच प्रकार!

पहाटे थवे नदीवरून गेले. मी त्या मुलापुढे दुर्बीण धरली. त्याने ती घेतली आणि डोळ्यांना न लावताच शेजारच्याला दिली.

परतताना फेरीबोटीत मी मुलांना म्हटले, "काल विजेरी लावायला मी सांगितले होते."

तो पाण्याकडे पाहत होता. "ठाऊक आहे सगळ्यांना, सर," तो म्हणाला.

यजमान तेव्हा चोडणच्या धक्क्यावर उभे राहून आम्हांला हात हलवीत होते.